रद्द झालेल्या सुपर डिस्कवर एक मिनिटाची चित्रफीत: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

सोनी आणि निन्टेंडो या दोन कंपन्यांनी मिळून बनवायला घेतलेले आणि बाजारात कधीच न आलेले ‘सुपर डिस्क’ सीडीचे गेम यंत्र माझ्या मनातून अनेक वर्षे जात नाही. त्याच्याविषयी वाचायला भरपूर मिळते, पण त्यातले बहुतेक करार, वाद आणि लिलाव यांच्याविषयी असते. ते यंत्र विक्रीला आले असते तर त्यावर काम करणाऱ्या प्रोग्रामरच्या हाती नेमके काय आले असते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर काम करूनच मिळेल. म्हणून एक मर्यादित उद्दिष्ट ठरवले आहे. गेल्या पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल पाण्याखाली गेला, त्या दिवशी मी काठावरून केलेल्या चित्रणातले एक मिनिट, आवाजासह, या यंत्रावर सीडीवरून चालवून दाखवायचे.

हे शक्य आहे, कारण यंत्राचा एक नमुना २०१५ साली जगासमोर आला. एसएफएक्स-१०० असा त्याचा क्रमांक आहे. वरच्या बाजूला निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेम यंत्राची काडतुसे, म्हणजे गेम साठवलेल्या चिपच्या डब्या, बसवण्याची खाच, समोर सीडीचा कप्पा आणि सुपर फॅमिकॉमच्याच आकाराच्या कंट्रोलरवर सोनीचे नाव, असे त्याचे रूप आहे. त्यासोबत मिळालेल्या सिस्टिम काडतुसातला बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, वाचून काढला गेला आणि नो-कॅश या एमुलेटरवर, म्हणजे संगणकावर यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, तो चालू लागला. त्यावर चालणारा ‘सुपर बॉस गायडन’ हा हौशी गेमही २०१६ सालीच तयार झाला. मी त्याच वाटेने जाणार आहे. मूळ नमुना माझ्या हाती कधी येणार नाही. मार्च २०२० मध्ये तो लिलावात ३ लाख ६० हजार डॉलरला गेला.

१२ जानेवारी २०२५

आज प्रोग्राम लिहिण्याआधी यंत्राची मांडणी कागदावर काढली. सर्वांत आधी ध्यानात आले ते असे, की या नमुन्यात नवा प्रोसेसर नाही. सुपर फॅमिकॉमचाच ३.५८ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा १६ बिटचा प्रोसेसर, त्याच्याच चित्र बनवणाऱ्या दोन चिप, त्याचीच १२८ किलोबाइट कार्यमेमरी आणि ६४ किलोबाइट चित्रमेमरी. ध्वनीचा विभाग मुळातच सोनीचा होता. पुढे प्लेस्टेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले केन कुतारागी यांनी तो निन्टेंडोसाठी घडवला होता, आणि १९८८ मध्ये दोन्ही कंपन्यांत सीडीविषयी करार झाला त्यालाही याच कामाची पार्श्वभूमी होती. नव्याने आलेल्या गोष्टी दोनच: एकपट वेगाची सीडी आणि सिस्टिम काडतुसातली २५६ किलोबाइट मेमरी.

सेगाने डिसेंबर १९९१ मध्ये जपानात आणलेल्या मेगा-सीडीत १२.५ मेगाहर्ट्झचा स्वतंत्र प्रोसेसर होता, शिवाय कामासाठी या नमुन्याच्या तिप्पट म्हणजे ७६८ किलोबाइट मेमरी होती. त्याउलट डिसेंबर १९८८ मधल्या पीसी इंजिनच्या सीडी जोडणीत केवळ ६४ किलोबाइट होती. या दोन टोकांमध्ये आपले यंत्र बसते.

२५६ किलोबाइट म्हणजे २ मेगाबिट. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’चे काडतूस ४ मेगाबिटचे होते. काडतुसातली माहिती प्रोसेसरला थेट, हव्या त्या क्षणी वाचता येते, सीडीवरची माहिती मात्र आधी मेमरीत आणून ठेवावी लागते. म्हणजे शेकडो मेगाबाइटची तबकडी घातलेल्या या यंत्राला कोणत्याही एका क्षणी मारिओच्या त्या काडतुसाच्या निम्मा मजकूर हाताशी ठेवता आला असता, आणि तो बदलायचा तर १५० किलोबाइट दर सेकंदाला या वेगाने पावणेदोन सेकंद थांबावे लागले असते. तबकडीवर जागा शोधायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. माझ्या मते हा आकडा या यंत्राविषयीच्या प्रत्येक लेखात पहिल्या परिच्छेदात यायला हवा.

२६ जानेवारी २०२५

सुट्टीचा पूर्ण दिवस आकडेमोडीला दिला.

पडद्याचे पूर्ण चित्र २५६ बाय २२४ बिंदूंचे असते. १६ रंगांच्या टाइल, म्हणजे ८ बाय ८ बिंदूंचे तुकडे, वापरल्या तर त्याला २८,६७२ बाइट लागतात. मेमरीतून चित्रमेमरीत माहिती नेण्यासाठी डीएमए, म्हणजे प्रोसेसरच्या मदतीविना माहिती हलवणारी सोय, आहे, आणि त्याला एका बाइटमागे यंत्राच्या मूळ घड्याळाचे ८ ठोके लागतात. एका रेषेत १,३६४ ठोके असतात, त्यांपैकी ४० मेमरी ताजी ठेवण्यात जातात, म्हणून एका रेषेच्या वेळात साधारण १६५ बाइट जातात. चित्रमेमरीत लिहिणे पडदा रिकामा असतानाच चालते. एकूण २६२ रेषांपैकी अशा रिकाम्या रेषा ३८ आहेत, म्हणजे दर फ्रेमला, पडद्याच्या एका पूर्ण फेरीला, सव्वासहा हजार बाइटच्या आसपास माहिती नेता येते. पूर्ण चित्राला पाच फ्रेम लागतात.

यावरून मी असा निष्कर्ष काढला, की अडचण डीएमएची आहे. तेव्हा वरच्या आणि खालच्या ३२-३२ रेषा काळ्या ठेवून चित्र १६० रेषांचे करायचे आणि त्या काळ्या पट्ट्यांच्या वेळात पडदा सक्तीने रिकामा ठेवून डीएमएला जास्त वेळ मिळवून द्यायचा. पडद्याची ही उघडझाप एचडीएमएने, म्हणजे रेषेगणिक आपोआप होणाऱ्या छोट्या लिखाणाने, साधायची.

९ फेब्रुवारी २०२५

एमुलेटरवर उघडझाप नीट चालते. सीडीचा भाग अजून जोडलेला नाही, चित्रे तात्पुरती काडतुसाच्या प्रतिमेतच ठेवली आहेत. ओसाकात नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने दिवाळीत येताना जुना सुपर फॅमिकॉम आणून दिला होता, त्याच्यावर फ्लॅश काडतूस, म्हणजे आपला प्रोग्राम भरता येणारे काडतूस, घालून हाच प्रोग्राम तपासायचा आहे. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असल्याने तो इथे थेट लावता येत नाही. यंत्राला १० व्होल्ट डीसी लागते, आणि पिनच्या मधल्या भागावर ऋण टोक असते, जे आपल्याकडच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट आहे. बुधवार पेठेतल्या एका दुकानात तसा अडॅप्टर बनवून मिळाला. जोडण्याआधी मल्टिमीटरने टोके दोनदा तपासली.

२३ फेब्रुवारी २०२५

खऱ्या यंत्रावर प्रोग्राम गोठतो. कधी चार सेकंदांनी, कधी पाऊण मिनिटाने. एमुलेटरवर तासभर चालवूनही काही होत नाही.

दिवसभर संशय फ्लॅश काडतुसावर होता, मग नव्या अडॅप्टरवर आला. संध्याकाळी सुचले की यंत्राला स्वतःचीच आवृत्ती विचारावी. ४२१० क्रमांकाच्या रजिस्टरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका ठरावीक कप्प्याच्या, शेवटच्या चार बिटांत प्रोसेसर आपली आवृत्ती सांगतो. माझ्या यंत्राने १ असे उत्तर दिले. पहिल्या आवृत्तीच्या प्रोसेसरमध्ये एक प्रसिद्ध दोष आहे: डीएमए संपण्याचा क्षण आणि एचडीएमए सुरू होण्याचा क्षण अगदी जवळजवळ आले तर प्रोसेसर गोठतो. मी तर काळ्या पट्ट्यांत दोन्ही एकाच वेळी चालवत होतो, त्यामुळे तो क्षण येणे केवळ काही सेकंदांचा प्रश्न होता.

सुपर फॅमिकॉम नोव्हेंबर १९९० मध्ये जपानात विक्रीला आला आणि सोनीचे यंत्र जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जाहीर झाले. त्या काळी काम करणाऱ्या प्रोग्रामरला हाच दोष भेडसावला असणार. तेव्हा तो टाळणे शौक म्हणून नव्हे, तर या यंत्राशी प्रामाणिक राहण्यासाठी आवश्यक आहे.

२ मार्च २०२५

एचडीएमए काढून टाकण्याचा मार्ग शोधताना जानेवारीतला कागद पुन्हा काढला आणि त्या आकडेमोडीतली माझी चूक दिसली.

चित्राचा वेग डीएमए ठरवत नाही, तबकडी ठरवते. एकपट वेगाने सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे सीडीवरचे माहितीचे ठरावीक तुकडे, येतात आणि प्रत्येकात २,०४८ बाइट उपयोगाची माहिती असते. १६० रेषांचे चित्र २०,४८० बाइटचे, म्हणजे बरोबर १० सेक्टर. सेकंदाला साडेसात चित्रे, आणि दर चित्रामागे दूरदर्शन संचाच्या आठ फ्रेम. आठ फ्रेमच्या नेहमीच्या रिकाम्या वेळात डीएमए ५० हजार बाइट नेऊ शकतो, मला न्यायचे आहेत जेमतेम २० हजार! ज्या पट्ट्यांच्या वेळासाठी मी महिनाभर झगडलो त्या वेळाची गरजच नव्हती. चित्रमेमरीत दोन चित्रांची जागा ठेवायची, एक दिसत असताना दुसरे फ्रेमगणिक थोडे थोडे भरायचे आणि पूर्ण झाले की अदलाबदल करायची. काळ्या पट्ट्या राहतील, पण त्या साध्या काळ्या टाइलच्या. त्यांचे प्रयोजन सीडीवरची माहिती कमी करणे एवढेच आहे.

सगळा एचडीएमए काढला. खऱ्या यंत्रावर दोन तास चालले, गोठले नाही.

या चुकीतून जे कळले ते यंत्राविषयीचे आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. सुपर फॅमिकॉमच्या तळाशी विस्तारासाठी जी जोडणी होती, तिच्यात बी-बस म्हणजे उपकरणांची लहान बस आणलेली होती. सीडीही याच बसवर येते. चित्रमेमरीसुद्धा याच बसच्या पलीकडे आहे. डीएमए मात्र ए-बस, म्हणजे मेमरी आणि काडतुसाची मुख्य बस, आणि बी-बस यांच्या दरम्यानच माहिती नेतो, एकाच बसवरच्या दोन ठिकाणांमध्ये नेत नाही. त्यामुळे तबकडीवरून आलेला प्रत्येक बाइट आधी मेमरीत उतरतो आणि मग पुन्हा त्याच बसने चित्रमेमरीकडे जातो. दोन्ही फेऱ्या धरून तबकडीच्या पूर्ण वेगाला यंत्राचा सुमारे ११ टक्के वेळ लागतो. हा खर्च अगदी माफक आहे. म्हणजे सुपर फॅमिकॉमचा हा भाग सीडीपेक्षा कितीतरी वेगवान होता आणि सीडी जोडल्याने यंत्र वेगवान होण्याची काहीच शक्यता नव्हती. पुढे १९९३ च्या सुमारास नियतकालिकांत आलेल्या सुधारित आराखड्यात ३२ बिटचा सहायक प्रोसेसर दाखवला होता. तो असता तर तबकडीवर माहिती दाबून ठेवता आली असती आणि आल्यावर ती उलगडता आली असती. एकपट सीडीवरून चांगली चित्रफीत दाखवण्याचा तोच खरा मार्ग होता. मी ज्याच्यासाठी लिहितो आहे त्या नमुन्यात तो नाही.

१६ मार्च २०२५

रंगांचे काम. पुराचे पाणी चहाच्या रंगाचे, आकाश राखाडी, आणि काठावर उभ्या माणसांच्या छत्र्या तांबड्या-निळ्या. एका पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या संचात, १५ रंग आणि एक पारदर्शक, असे आठ पॅलेट मिळतात. प्रत्येक टाइलने त्यांपैकी एक निवडायचे. सगळ्या मिनिटाला मिळून आठ पॅलेट ठेवले तर छत्र्या मातकट होतात. दर चित्राला नवे पॅलेट दिले तर पॅलेटचे २५६ बाइट आणि टाइलच्या तक्त्याचे १,२८० बाइट वाढतात, म्हणजे आणखी एक सेक्टर. मी तो दिला. एका छत्रीचा तांबडा रंग नीट दिसला म्हणजे बाकीचे पाणी खरे वाटते, हे पडद्यावर पाहिल्यावर या निर्णयाविषयी शंका उरली नाही.

आता दर चित्राला ११ सेक्टर, आणि सेकंदाला पावणेसातहून थोडी अधिक चित्रे.

६ एप्रिल २०२५

आवाज. तबकडीवर संगीताचा स्वतंत्र ट्रॅक ठेवता येतो, पण तो वाजत असताना चित्रांची माहिती वाचता येत नाही, कारण वाचणारा डोळा एकच आहे. म्हणून आवाज चित्रांसोबतच सेक्टरमध्ये भरायचा आणि ध्वनी विभागाकडे पाठवायचा.

ध्वनी विभागाच्या स्वरूपात आवाजाचे १६ नमुने, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणीच्या १६ मोजण्या, ९ बाइटच्या एका ठोकळ्यात बसतात. अकराव्या सेक्टरमध्ये उरलेल्या ५१२ बाइटमध्ये आवाज भरून पाहिला. सेकंदाला सहा हजार नमुनेच मिळतात, आणि पाण्याचा घोष जुन्या टेलिफोनवरून ऐकल्यासारखा येतो. पुराच्या चित्रात आवाज असा चालणार नाही. बारावा सेक्टर घेतला. दर चित्राला ०.१६ सेकंद, सेकंदाला सव्वासहा चित्रे. १६ हजार नमुन्यांच्या दराने दर चित्रासोबत बरोबर १६० ठोकळे, म्हणजे १,४४० बाइट येतात. शिलकीचे ठोकळे, तुटके नमुने असे काहीच उरत नाही. शिवाय दर चित्रामागे १,१२० बाइट मोकळे राहतात.

प्रोसेसर आणि ध्वनी विभाग यांच्यात चार बाइटची एक छोटी खिडकी आहे आणि प्रत्येक देवाणघेवाणीला दोन्ही बाजूंनी पोच द्यावी लागते. दर फ्रेमला १५० बाइट या खिडकीतून पाठवायचे आहेत, ते डीएमएनंतर उरलेल्या वेळात आरामात जातात.

२० एप्रिल २०२५

खऱ्या यंत्रावर, सेक्टरचा वेग प्रोग्राममध्येच पाळून, पूर्ण मिनिट चालवले. पहिली तीस सेकंदे निर्दोष. पन्नासाव्या सेकंदापासून आवाजात बारीक टिचक्या येऊ लागल्या. आवाजाच्या साठ्यातले ठोकळे मोजले तर मिनिटाच्या शेवटी सुमारे ७० ठोकळे कमी भरले.

कारण असे, की इथे तीन घड्याळे चालतात. तबकडी सेकंदाला ७५ सेक्टर देते. पडदा सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम काढतो. ध्वनी विभागाला स्वतःचा सिरॅमिक रेझोनेटर आहे, तो नाममात्र ३२ हजार नमुन्यांचा असला तरी प्रत्येक यंत्रात थोडा वेगळा चालतो, आणि माझ्या यंत्रात हजारात सुमारे सव्वा भागाने जलद चालतो आहे. तिघांना कोणी एकत्र बांधलेले नाही. काडतुसाच्या गेमला याने काही फरक पडत नाही, कारण तिथे संगीत आणि चित्र यांना एकमेकांच्या सेकंदाशी जुळायचे नसते. तबकडीवरून वाहत येणाऱ्या चित्रफितीत मात्र पहिल्याच मिनिटात ही गोष्ट समोर येते.

मालकी तबकडीकडे द्यायची असे ठरवले. चित्र वेळ झाली म्हणून नव्हे, तर माहिती पूर्ण आली म्हणून बदलायचे. त्यामुळे काही चित्रे ९ फ्रेम टिकतात, काही १०. डोळ्याला हा फरक जाणवत नाही. ध्वनी विभागाने साठा घटताना पाहिला तर नमुने वाजवण्याचा वेग कमी करायचा. तिथे ४०९६ हा आकडा म्हणजे ३२ हजार नमुने, म्हणून १६ हजारांसाठी २०४८. तो २०४६ आणि २०४५ यांच्या दरम्यान हलवत राहिले की साठा स्थिर राहतो, आणि इतका बारीक बदल कानाला कळत नाही.

४ मे २०२५

प्रतिमा सीडीच्या रूपात बांधली. ४,५०० सेक्टर, ३७५ चित्रे, सव्वानऊ दशलक्ष बाइटच्या आसपास. एमुलेटरमध्ये बायोस उठतो, तबकडी ओळखतो आणि प्रोग्राम २५६ किलोबाइट मेमरीत उतरतो. पहिल्या चित्रात पुलाचा कठडा अजून पाण्यावर आहे.

मिनिट पूर्ण चालले. आवाज शेवटपर्यंत अखंड.

पाहताना सारखे वाटत होते की १९९१ च्या जूनमध्ये शिकागोत हे दाखवता आले असते. सोनीने तिथे आपले यंत्र जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सबरोबर जाण्याची घोषणा केली. सीडीवरच्या गेमच्या परवान्यांवर सोनीचा ताबा राहील अशी करारातली तरतूद निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना मान्य नव्हती. पुन्हा बोलणी झाली, पण यंत्र आले नाही. फिलिप्सच्या सीडी-आयवर निन्टेंडोच्या पात्रांचे काही गेम तेवढे निघाले. सोनीने आपले स्वतंत्र यंत्र डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आणले.

वाद परवान्यांचा होता, यंत्रातल्या दोषाचा नव्हता, हे खरे. तरीही पाच महिने या यंत्रासोबत काढल्यावर मला वाटते, की हे यंत्र चित्रफितींसाठी नव्हतेच. सेकंदाला सव्वासहा चित्रे मिळवायला मला पडद्याचा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास भाग काळा ठेवावा लागला. त्याची खरी ताकद वेगळीकडे होती. ‘सीक्रेट ऑफ माना’ हा गेम सुरुवातीला सीडीसाठी आखला गेला आणि सीडी न आल्याने काडतुसात बसवण्यासाठी त्याची काटछाट झाली. अशा गेमला पावणेदोन सेकंदांत नवा प्रदेश, नवी पात्रे, नवे संवाद मेमरीत आणता आले असते, आणि तेवढा थांबा एका गावातून दुसऱ्या गावात जाताना कोणालाही चालला असता.

१८ मे २०२५

दर चित्रामागे उरलेल्या १,१२० बाइटचा उपयोग आज सुरू केला. चित्रफीत चालू असतानाच या मोकळ्या जागेतून एका छोट्या नकाशाची माहिती मेमरीच्या दुसऱ्या भागात भरली जाते. ३७५ चित्रांत ४ लाख २० हजार बाइट येऊ शकतात, म्हणजे २५६ किलोबाइट भरूनही उरतील. मेमरीचा काही भाग चित्रांच्या तात्पुरत्या साठ्याला द्यावा लागतो, म्हणून नकाशाला सध्या १६० किलोबाइटची मर्यादा घातली आहे. फीत संपते त्या फ्रेमला नकाशा तयार असतो आणि वाट न पाहता पुढचा पडदा उघडतो. नकाशात भिडे पूल आणि दोन्ही काठ घेतले आहेत. टाइल अजून काढायच्या आहेत, डेक्कनच्या बाजूच्या पायऱ्यांपासून सुरुवात करतो.